टाकी लावल्यानंतरचं पहिलं पीठ

मी काही लिहावं इतका माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे डब्यांवर नावं टाकणं. माझे वडील, अण्णा, बार्शीजवळच्या आमच्या गावात पिठाची गिरणी चालवतात. चौथी शिकलेत. खडूने झाकणावर ‘मास्तरीणबाई, गहू, बारीक’ किंवा ‘तात्या, ज्वारी’ असं लिहितात आणि दळण झालं की तळहाताने पुसून टाकतात. त्याहून लांब लिहिण्याची वेळ आमच्या घरात पहिल्यांदा माझ्यावर आली, आणि तीही परीक्षेच्या पेपरात. तेव्हा कुठे शब्द जाडेभरडे निघाले तर सांभाळून घ्यावं.

लिहायला बसायचं कारण वारा. ऑक्टोबर पुन्हा आलाय. इथे परदेशात, सकाळी डीमनहून ट्रेनने निघून स्लोटरडाइक स्टेशनला उतरलं की प्लॅटफॉर्मवरच वारा अंगावर येतो. छत्र्या उलट्या होतात. लोक माना खाली घालून काचेच्या ऑफिसांकडे चालत राहतात, आणि जो तो वैतागलेला. मी इथे इंटर्नशिप करतो, मीही त्यांच्यातलाच एक. पण असा वारा आला की मनात पहिलं वाक्य येतं ते हे, की आज दळणाचा वारा आहे. हे वाक्य मी मागच्या शरद ऋतूत हेंक नावाच्या एका म्हाताऱ्या गिरणीवाल्याकडून शिकलो.

मागच्या वर्षी मी कापेल आन डेन आयसेल या नदीकाठच्या गावात राहायचो, वैशालीताईंच्या घरी वरच्या खोलीत. ताई पुण्याच्या. त्या आणि त्यांचे यजमान दोघंही आयटीत, आणि मुलगी ईरा नऊ वर्षांची. ताई मराठीत विचारणार, ईरा इंग्रजीत उत्तर देणार, आणि मी जिन्यात उभा राहून दोन्ही ऐकणार. शनिवारी मी खोलीतच बसायचो. वर्गातली मुलं बाहेर जायची, पण मला त्यांच्यात काय बोलावं ते सुचायचं नाही.

“महेश, अरे अंडं उबवतोयस का वर?” ताई खालून ओरडायच्या. “सायकल घे, नदीच्या बांधावरून जा. तिकडे एक जुनी पवनचक्की आहे, शनिवारी उघडी असते. आणि हो, पीठ मिळालं तर आण. इथल्या पिठाची पोळी दुपारपर्यंत पुठ्ठा होते.”

गेलो. विटांची उंच गोल गिरणी, निम्म्या उंचीवर सभोवती लाकडी सज्जा, वर चार लांब पाती. एका बाजूला दुरुस्तीसाठी बांधलेलं लोखंडी मचाण अजून उभं होतं. दारात निळा अंगरखा घातलेले एक म्हातारे गृहस्थ पायऱ्या झाडत होते. मी म्हणालो, “सर, पीठ मिळेल का?”

“सर कोण? मी हेंक,” ते म्हणाले. “आणि पीठ नाही. सहा वर्षं झाली, नाही.”

मला हसू आलं. आमची गिरणी सहा दिवस बंद पडली तर बायका डबे घेऊन घरात येऊन बसतील.

आत पाऊल टाकलं आणि मी थांबलो. दुरुस्ती चाललेली, सगळीकडे नव्या लाकडाचा भुसा, तेल, रंग. पण त्या सगळ्याच्या खाली, भिंतीत मुरलेला, सहा वर्षं जुना पिठाचा वास होता. माझ्या दप्तराला, शाळेच्या सदऱ्याला, आईच्या केसांना येणारा वास. मी बहुतेक बराच वेळ तसाच उभा राहिलो असेन, कारण हेंक झाडू बाजूला ठेवून जवळ आले आणि म्हणाले, “बरं वाटत नाही का तुला?”

इथे एक कबुली द्यायला हवी. विद्यापीठात पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली होती. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाची आई वकील. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, माझे वडील फूड प्रोसेसिंगमध्ये आहेत. खोटं म्हणावं तर खोटं नाही. पण त्या रात्री अण्णांशी व्हिडिओवर बोलताना मला त्यांच्याकडे बघवलं नव्हतं.

वास ओळखीचा आहे म्हणालो, तर हेंकनी विचारलं, “वडील काय करतात?” आणि कोण जाणे कसं, त्या वासात उभं राहून मला ते फूड प्रोसेसिंग तोंडातून काढता आलं नाही. मी म्हणालो, “गिरणी आहे आमची. दळण दळतात.”

हेंकनी हात अंगरख्याला पुसला आणि पुढे केला. “मग वडलांना माझा नमस्कार सांग. आम्ही एका धंद्यातले.”

हेंक चौऱ्याहत्तर वर्षांचे. सारा जन्म ट्राम चालवली. निवृत्त झाल्यावर गिरणीचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि हौशी गिरणीवाले झाले. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा फोनवर मागे आमच्या गिरणीच्या पट्ट्याचा फटफट आवाज येत होता.

“गिरणी चालवायला परीक्षा?” अण्णा म्हणाले. “आन पास कोण करतं? दळण आणणाऱ्या बाया?”

“नाही अण्णा, परीक्षक असतात. वारा ओळखता यायला हवा, ढग ओळखता यायला हवेत.”

“मंग बरोबर. आमच्या बाया कुणाला पास करायच्या न्हाईत.”

त्यानंतर मी दर शनिवारी जायला लागलो. ऑक्टोबर सरत चालला होता. बांधावरची गवतं लोळवत वारा यायचा, नदीचं पाणी उलटं चालल्यासारखं दिसायचं. मी पोचायच्या आत हेंक वर सज्ज्यात उभे असायचे. पात्यांना शिडाचं कापड किती लावायचं ते वाऱ्यावर ठरतं. ते ओलं कापड बांधताना बोटं बधिर व्हायची. मग पाती हलायची, आधी एक जड उसासा, मग लाकडाच्या दातांचा ठक ठक आवाज सगळ्या गिरणीभर. आमच्याकडे बटण दाबलं की गिरणी सुरू होते. इथे आधी आभाळाकडे बघावं लागतं. मला वाटायचं, अण्णांना हे कधी दाखवता येईल का.

पात्यांची एक भाषाही मी तिथेच शिकलो. गिरणी थांबवताना पाती कुठे उभी करायची त्यालाही अर्थ असतो. वर येणारं पातं अगदी शेंड्याला पोचण्याच्या जरासं आधी थांबवलं, तर त्या घरात आनंद आहे. शेंडा ओलांडून जरासं पुढे गेल्यावर थांबवलं, तर दुःख आहे. लांबच्या शेतातल्या माणसाला ते दिसतं आणि कळतं. अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, “आपल्याकडं शटर खाली आसलं तर काहीतरी झालंय, एवढीच भाषा.”

पाती फिरत होती, पण दगड बंद होते, आणि हेंकचं सगळं लक्ष दगडांवर होतं. खालचा दगड स्थिर, वरचा फिरणारा, माणूस आडवा झोपेल एवढे रुंद. गावातल्या एका समितीकडे ती गिरणी आहे. समितीचं म्हणणं असं, की वसंतापर्यंत गिरणीने खाण्याजोगं पीठ दिलं तर ती पुन्हा दळणारी गिरणी म्हणून चालू राहील. नाहीतर पाती शोभेला फिरतील, दगडांवर काच बसेल आणि लोक वरून बघतील. हेंकनी हे मला सांगितलं तेव्हा ते खालच्या दगडावर हात ठेवून बसले होते. “पहिल्या वर्षी मी इथे यायला लागलो तेव्हा शेवटचं पीठ निघालं होतं. ते मी दळलेलं नव्हतं. मला एकदा दळायचंय. काचेतून बघायला मी शिकलेलो नाही.”

दगड दळून दळून गुळगुळीत होतो. मग छिन्नीने ठोकून त्याला पुन्हा खरखरीत करावं लागतं. आमच्याकडे त्याला टाकी लावणं म्हणतात. हेंकनी दोन्ही दगडांना स्वतः टाकी लावली होती, महिनाभर, पुस्तकात बघून. लांब सरळ पट्टी ठेवून ठेवून दगड इतका सपाट केला होता की पाणी ओतलं तर कुठे वळायचं ते पाण्याला कळलं नसतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका शनिवारी खणखणीत वारा होता. हेंकनी गहू घातले. दगड घुमला. पन्हाळीतून पीठ आलं आणि हेंकनी त्यात हात घालून पटकन काढून घेतला. मी हात घातला. चटका बसला. पीठ करडं, चिकट, आणि वास भाजल्यासारखा. त्यांनी वरच्या दगडाची उंची कमीजास्त केली, गहू कमी सोडले, पुन्हा केलं. तेच. शेवटी त्यांनी पाती थांबवली आणि पोत्यावर बसले. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

मी हळूच म्हणालो, “माझ्या वडलांना विचारू का?”

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो, हे मला नंतर जिना उतरताना कळलं. शाळेचं, कॉलेजचं, शिष्यवृत्तीचं, व्हिसाचं, यातलं काहीच मी अण्णांना विचारलेलं नव्हतं. त्यांना काय कळणार, असं धरून चाललो होतो. त्यांनीही तसंच धरलं होतं.

तिकडे दुपार होती. अण्णांनी व्हिडिओवर आधी हेंकना बघितलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली.

“रामराम म्हणाव त्येंला. काय झालं?”

मी सांगितलं. त्यांनी पीठ मुठीत दाबायला लावलं, मूठ उघडायला लावली. गोळा तसाच राहिला. मग म्हणाले, “दगड दाव.” वरचा दगड हेंकनी क्रेनसारख्या लाकडी यारीने उचलून उलटा केला, त्याला बराच वेळ लागला, आणि तोवर अण्णा नुसते बघत राहिले. मागून कुणीतरी बाई म्हणाली, “दादा, माझी बाजरी?” अण्णा म्हणाले, “थांब जरा माय, परदेशातलं गिऱ्हाईक हाय.”

मग त्यांनी दगड बघितला आणि हसले.

“लई गुणाचा माणूस हाय. पण सगळा दगड सपाट केलाय की रं! दाणा आत शिरणार कुठनं? मधी, दाणा पडतो त्या तोंडापाशी जरा खोल पायजे, कडंला जुळता. तोंडातच दाणा चिरडला की त्यो तापतोय, मंग पीठ जळतंय.”

“किती खोल, अण्णा?”

“मधी, तोंडापाशी, एक जाड कार्ड सरकंल एवढं. तिथनं कडंपर्यंत कमी कमी करत न्यायचं.”

माझ्यातला इंजिनियर जागा झाला. “पण अण्णा, आपला दगड दीड फुटाचा. हा पाच फुटी आहे. तर त्या प्रमाणात वाढवायचं ना?”

अण्णांनी चिमटीत एक दाणा धरून फोनसमोर आणला. मग म्हणाले, “दाणा तेवढाच हाय न्हवं? मंग फट तेवढीच.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. हेंकनी मांडीवर थाप मारली. पिठाचा धुरळा उडाला.

अण्णा पुढे सांगत होते, आणि मी जसंच्या तसं सांगत होतो. पीठ हाताला कोमट लागावं, बाळाच्या अंगासारखं. चटका बसला की मेलं. आणि टाकी लावल्यावर पहिलं दळण कुणाला द्यायचं नाही, त्यात दगडाची कच असते, माणसाच्या दाताखाली येते. “त्याचं काय करायचं?” हेंकनी विचारलं. अण्णा म्हणाले, “खळ करायची. चिकटवायला.”

हे सांगताना मला माझ्या शाळेच्या वह्या आठवल्या. पहिलीपासून माझ्या वह्यांना खाकी कागदाची कव्हरं आई घालायची, ती त्याच खळीने. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी अण्णा मुद्दाम टाकी लावायचे. माझी सगळी शाळा त्या पहिल्या पिठावर चिकटलेली होती आणि मी ते कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

मग सहा-सात शनिवार आम्ही दगड ठोकला. हेंककडे विकायला छापलेली गिरणीची जुनी पोस्टकार्डं होती, पाती उतरवलेली असतानाच्या फोटोची, जाड. त्यातलंच एक मोजायला घेतलं. पट्टी आडवी ठेवायची, तिच्याखाली दगडाच्या तोंडापाशी कार्ड सरकवायचं, सरकलं नाही की ठोकायचं. छिन्नीची कपची गालावर उडायची. मधेच हेंक थांबायचे, कार्ड पुढेमागे करून बघायचे आणि म्हणायचे, “अजून तुझे वडील नाही म्हणताहेत.”

आणि तिथेच मला भीती वाटायला लागली. दगड ठोकून काढता येतो, काढलेला परत भरता येत नाही. अण्णांनी दोन मिनिटं फोनवर बघून सांगितलेलं, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत पोचवलेलं, आणि त्यावर हा माणूस त्याच्या गिरणीचा दगड खोल करत होता. चुकलं तर? रात्री खोलीत बसून मी आकृत्या काढायचो. आकृत्यांतून काहीच सिद्ध व्हायचं नाही.

डिसेंबरात दगड तयार झाला आणि वारा गेला. रोज धुकं. पाती एखाद्या मोठ्या पक्ष्याने पंख पसरून विसरावेत तशी उभी. जानेवारीत मला इंटर्नशिपसाठी डीमनला राहायला यायचं होतं. शेवटच्या शनिवारीही पान हललं नाही. हेंकनी माझा पत्ता विचारला, मी चुकून सवयीने ताईंच्याच घरचा दिला. “वारा आला की कळवतो,” ते म्हणाले. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, घरचा फोन होता, त्याचा नंबर मी वहीत लिहून घेतला.

मी फोन केला नाही.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. वारा येत होता, खिडक्या वाजत होत्या. वसंत आला, ट्रामच्या रुळांकडेला पिवळी फुलं आली. वसंतापर्यंतची मुदत होती, ती संपली. काही कळलं नाही याचा मी एकच अर्थ लावला. कापेल काही लांब नाही, ट्रेनने तास-दीड तास. जाऊ शकलो असतो. दगडावर बसलेली काच बघायला माझे पाय निघाले नाहीत. आणि ती काच अण्णांच्या शब्दामुळे बसली असेल, तर ते मला माहीतच नको होतं.

अण्णा मात्र दर रविवारी विचारायचे. “काय म्हणती तुजी गिरणी?”

“अजून वारा नाही, अण्णा.”

एकदा म्हणाले, “एवढे म्हैने? त्या देशातला वारा सरला का काय?” मी हसलो. तेही हसले, पण त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं. ते जास्त लागलं. जूनमध्ये आई फोनवर म्हणाली, “ह्यांनी औंदा टाकी लावली, पण गुमान लावली. कुणाला काय सांगना, दावना.” वर्षानुवर्षं लावलेली टाकी, आणि माझ्या गप्प बसण्याने त्यांना तिच्याबद्दल शंका आली होती.

गेल्या रविवारी वैशालीताईंनी फराळाला बोलावलं. दिवाळी जवळ आलेली, घरात भाजणीचा वास. जाताना मेट्रोतून उतरल्यावर मी मुद्दाम नदीच्या उलट्या बाजूचा रस्ता धरला. ताईंनी ताट दिलं आणि म्हणाल्या, “बारीक झालायस. चकली घे. यंदा बिघडलीय, पण घे.”

शाळेचं नवं वेळापत्रक आलं म्हणून त्या फ्रिजवरचं जुनं काढत होत्या. त्याच्याखाली चुंबकाने लावलेलं एक कार्ड होतं. ताईंनी ते उलटं केलं, आणि कपाळाला हात लावला.

“ईरा! अगं हे महेशदादाचं पत्र आहे! हे इथे कधीपासून आहे?”

“सिन्स एप्रिल, आय थिंक,” ईरा सोफ्यावरून म्हणाली. “इट वॉज प्रिटी.”

“एप्रिल! अगं बाई, तुला मी काय म्हणू? महेश, सॉरी रे. मी रोज या फ्रिजसमोर उभी राहते.”

मी कार्ड हातात घेतलं. ते मी ओळखलं. एक कड घासून पांढरी झालेली, कोपऱ्याला दगडाची बारीक पूड अजून रुतलेली. आम्ही मोजायला वापरलेलं तेच कार्ड. पुढच्या बाजूला पाती नसलेल्या गिरणीचा छापील फोटो होता, पण त्यावर मधोमध दुसरा एक छोटा फोटो कुणीतरी चिकटवला होता. त्याच्या कडांनी काहीतरी पांढरट, खरखरीत वाळलं होतं. त्या फोटोत निळं आभाळ, चारही पाती जागेवर, आणि सर्वांत वरचं पातं शेंड्याला पोचण्याच्या जरासं आधी थांबलेलं.

मी ते मागे वळवलं. अण्णांना फोन लावला, ते दिसू लागले, टोपी सारखी केली, आणि मी हेंकचं अक्षर लावत लावत त्यांना मराठीत वाचून दाखवलं:

“महेश, तुझ्या वडिलांचं माप परत पाठवतोय, त्यांच्याकडे पोचव. मार्चअखेरीस एकदाचा शनिवारी दळणाचा वारा आला. पीठ बाळाच्या अंगाइतकंच कोमट उतरलं. समितीने पोळ्या केल्या, वाईट केल्या, पण सगळ्या खाल्ल्या. काच बसणार नाही. त्यांना सांग, पहिलं पीठ मी कुणाला दिलं नाही. त्याची खळ केली. कार्डाच्या पुढच्या बाजूचा फोटो त्या खळीनेच चिकटवलाय.”